निर्णय दिल्लीचा, जमीन राज्याची

राइट टाउन (जबलपूर) : येथील मराठी मंडळी विदर्भात जाताना नैनपूर-बालाघाटमार्गे गोंदियास उतरतात. त्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ, १९७२ पासून नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. निर्वासितांना थारा कोण देतो आणि खर्च कोण सोसतो, हे तिच्याकडे पाहून कळते.

अमेरिकेत १९८० च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्ष दर वर्षी कमाल संख्या ठरवतात. २०२५ च्या आर्थिक वर्षासाठी ती सव्वा लाख होती. २०२६ साठी साडेसात हजारांवर आली. कायदा असला म्हणजे आश्वासन टिकतेच असे नाही!

भारताने १९५१ चा निर्वासितविषयक करार स्वीकारलेला नाही, स्वतंत्र कायदाही केलेला नाही. १९५९ मध्ये दलाई लामांना आश्रय देण्याचा निर्णय केंद्राचा होता. वसाहतींसाठी जमीन मात्र राज्यांनी दिली. २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने राज्यांना वीस वर्षांचे, अथवा रद्द होईपर्यंतचे, भाडेपट्टे करून देण्यास सांगितले. धोरण म्हणजे कायदा नव्हे. २०१५-१६ पासूनच्या पाच वर्षांत केंद्राने ३६ वसाहतींच्या प्रशासकीय खर्चासाठी ४० कोटी रुपये मंजूर केले. वसाहतीमागे सरासरी वर्षाला बावीस लाखच पडतात. त्यातून कार्यालय चालेल, रोजगार उभा राहणार नाही.

म्हणून खरा प्रश्न अनुदानाचा नसून पट्ट्याचा आहे. मुदत संपताना धारिका दिल्लीत नव्हे, राज्याच्या महसूल खात्यात असेल, आणि तेथील अधिकाऱ्याच्या हाती कायद्याचे एकही कलम नसेल.