पृथ्वीच्या उष्णतेचा ताळेबंद

ज्या संस्थेची वही मध्येच बंद पडते, तिच्या पुढच्या हिशेबावर कोणी विश्वास ठेवीत नाही. गावच्या पतपेढीला लागू असलेला हा नियम साऱ्या पृथ्वीलाही लागू आहे. पृथ्वीचाही एक जमाखर्च आहे आणि गेली काही दशके तो अवकाशातून लिहिला जात आहे.

व्यवहार वरकरणी साधा आहे. पृथ्वीच्या दर चौरस मीटरला सूर्याकडून सरासरी सुमारे ३४० वॅट ऊर्जा मिळते. ढग, हिम, वाळवंटे आणि हवेतील कण त्यांतील सुमारे १०० वॅट परत फेकतात. उरलेली २४० वॅट पृथ्वी शोषून घेते. तेवढीच उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर गेली, तर हिशेब जुळला. परंतु कार्बन डायऑक्साइडसारखे वायू ही जावक अडवितात आणि शिल्लक साचू लागते. शिल्लक पडली म्हणून आनंद मानावा, असा हा व्यवहार नव्हे.

ही नोंद प्रथम ठेवली व्हर्नर सुओमी या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या उपकरणाने. १९५९ साली 'एक्स्प्लोरर-७' उपग्रहावरून ते वर गेले. १९८४ साली 'चॅलेंजर' यानातून याच कामासाठी खास उपग्रह सोडण्यात आला. १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने पृथ्वी काही काळ कशी निवाली, हे त्यानेच मोजून दाखविले. १९९७ पासून 'सेरेस' या उपकरणमालेने ही वही हाती घेतली. २००५ ते २०१९ या काळात शिल्लक जवळजवळ दुप्पट झाली, असा तिचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. आज ती दर चौरस मीटरला एक वॅटच्या आसपास आहे. एक वॅट म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. पण साऱ्या पृथ्वीच्या क्षेत्रफळाने गुणले, तर ही शिल्लक मानवजातीच्या एकूण ऊर्जावापराच्या वीस पटींहून अधिक भरते. तिचा सुमारे नव्वद टक्के भाग समुद्राच्या पोटात जातो.

येथे एक आक्षेप घेतला जातो. तापमापक असताना हा उपद्व्याप कशाला? याचे उत्तर असे की, तापमापक झाले ते सांगतो. ताळेबंद पुढे काय वाढून ठेवले आहे ते सांगतो. समुद्राने आज गिळलेली उष्णता उद्याच्या पिढीला व्याजासह फेडावी लागणार आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उपग्रहांवरील उपकरणांच्या अचूकतेची मर्यादा या एका वॅटपेक्षा मोठी आहे, मग त्यांवर विसंबायचे कसे? हे खरे आहे. आणि म्हणूनच समुद्रात दोन हजार मीटर खोलवर बुडी मारणाऱ्या 'आर्गो' तरंगकांच्या नोंदींशी हा आकडा ताडून घ्यावा लागतो. परंतु तराजूला पासंग असला, तरी रोज त्याच तराजूवर तोलल्यास वजन वाढते की घटते, हे बिनचूक कळते. तराजू बदलायचा झाल्यास मात्र जुना आणि नवा काही काळ शेजारी ठेवून दोन्हींवर तोलावे लागते. जुना मोडल्यावर नवा आणला, तर मधला दुवा कायमचा तुटतो.

खरी चिंता आहे ती येथेच. 'सेरेस'ची उपकरणे वाहणाऱ्या 'टेरा' व 'अ‍ॅक्वा' या उपग्रहांनी आपले नियोजित आयुष्य केव्हाच ओलांडले. २०१७ साली गेलेले उपकरण त्या मालेतील अखेरचे. त्याच्या जागी अमेरिकेने 'लिबेरा' योजले आहे. पण साऱ्या पृथ्वीची वही एकाच देशाच्या अंदाजपत्रकावर सोपवून इतरांनी स्वस्थ बसावे, हे शहाणपणाचे नाही.

भारताला हे काम नवे नाही. फ्रान्सच्या सहकार्याने २०११ साली श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या 'मेघा-ट्रॉपिक्स'वर या किरणांचे मापन करणारे उपकरण होते. मार्च २०२३ मध्ये तो उपग्रह नियंत्रितपणे खाली आणण्यात आला. तो अनुभव वाया जाता कामा नये. गरीब देशाला ही चैन परवडेल काय, असे विचारणाऱ्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे की, ज्याची शेती पावसावर आणि पाऊस तापणाऱ्या समुद्रावर अवलंबून आहे, त्याला या हिशेबाकडे पाठ फिरविणे अधिक महाग पडेल. वही लिहिल्याने कर्ज फिटत नाही, हे खरे; पण ती न लिहिणाऱ्याला आपले कर्ज कळते, ते जप्ती दारात आल्यावरच.