अपंग विद्यार्थ्यांची उन्हाळी उमेदवारी

आपल्या मंडळाच्या अंकात दरवर्षी गुणवंत मुलामुलींची जी नामावली प्रसिद्ध होते, तीत कोणी कोणत्या विद्यापीठात प्रवेश मिळवला, कोणी गणिताच्या स्पर्धेत पारितोषिक पटकावले आणि कोणी उन्हाळ्यात कोणत्या प्रयोगशाळेत इंटर्नशिप केली, याचा तपशील मोठ्या हौसेने दिलेला असतो. परंतु ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, जी चाकांच्या खुर्चीतून वावरतात किंवा ज्यांना स्वमग्नतेचा दाखला मिळालेला आहे, अशी मुले आपल्याही घरांत आहेत, याचा मागमूस त्या नामावलीत सापडत नाही. ती मंडळाच्या गणेशोत्सवालाही क्वचितच दिसतात. याचा दोष आईबापांच्या संकोचाला देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण माझे म्हणणे निराळे आहे. हायस्कुलात शिकणाऱ्या अपंग मुलाने विज्ञान वा अभियांत्रिकीच्या क्षेत्रात एखाददुसरा उन्हाळा खरीखुरी उमेदवारी करावी, यात मेहेरबानीचा काही संबंध नाही. अमेरिकेतील कायद्याची घडणच अशी आहे की त्यावाचून त्या मुलाचे पुढे अडते, आणि ही गोष्ट आपल्यासारख्या सुशिक्षित म्हणवणाऱ्या समाजालाही पुरती उमगलेली नाही.

१९७५ साली अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या कायद्यान्वये अपंग मूल हुडकून काढणे, त्याची तपासणी करणे आणि त्याच्यासाठी वैयक्तिक शिक्षण योजना, म्हणजे पालकांच्या तोंडी असलेली 'आयईपी', तयार करणे ही सारी जबाबदारी शाळाखात्याच्या शिरावर टाकलेली आहे; मूल सोळा वर्षांचे होईतो त्या योजनेत शाळेनंतरच्या आयुष्याची तजवीजही नमूद व्हावी लागते. मात्र हायस्कुलाचा डिप्लोमा हाती पडला की हा हक्क तेथेच संपतो. महाविद्यालयात लागू पडते ते १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे ५०४ वे कलम आणि १९९० चा अपंगांविषयीचा कायदा. त्यांत भेदभावास मनाई आहे, सोयी पुरवण्याची तरतूद आहे, परंतु आपले अपंगत्व सांगणे, कागदपत्रे रुजू करणे आणि नेमके काय हवे ते मागणे हे विद्यार्थ्यानेच करावयाचे असते. जून महिन्यापर्यंत ज्याच्या वतीने आई शाळेच्या बैठकांतून भांडत होती, त्याने सप्टेंबरात स्वतःची दरखास्त स्वतः मांडावयाची! आणि जो प्रयोगशाळेत कधी उभाच राहिलेला नाही, त्याने तेथे आपल्याला काय लागेल हे सांगावे तरी कसे?

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या अनुदानावर १९९२ साली शेरिल बर्गस्टॉलर यांनी 'डू-इट' नावाचा जो उपक्रम सुरू केला, त्याचे मर्म मला येथे दिसते. हायस्कुलातील अपंग मुले उन्हाळ्यात विद्यापीठाच्या वसतिगृहात येऊन राहतात, आपल्याला साजेशी संगणकाची साधने वापरावयास शिकतात, संशोधकांच्या हाताखाली प्रकल्प करतात, आणि पुढे तीच मुले नव्याने आलेल्यांची मार्गदर्शक होतात. आईबाप बरोबर नसतात, हा त्या शिक्षणाचा मोठा भाग आहे, असे म्हटल्यास आपल्याकडील पुष्कळ आयांना राग येईल. पण म्हणावयाचे टाळता येत नाही.

अशा गोष्टींना आरंभ किती लवकर व्हावा लागतो, याचा दाखला गीरत व्हर्मे यांच्या चरित्रात मिळतो. १९४६ साली हॉलंडात जन्मलेले आणि बालपणीच दृष्टी गमावलेले व्हर्मे न्यू जर्सीतील एका शाळेत शिकत असताना त्यांच्या शिक्षिकेने फ्लोरिडाहून आणलेले शंख-शिंपले वर्गाच्या खिडकीत मांडून ठेवले होते. ते बोटांनी चाचपताना उष्ण समुद्रातील शिंपले इतके रेखीव का, असा प्रश्न त्या मुलाला पडला, आणि त्या प्रश्नाने त्याला जन्मभर सोडले नाही. पुढे येल विद्यापीठात प्रवेशासाठी गेले असता, अंध माणूस जीवशास्त्र कसे करणार, या शंकेने ग्रासलेल्या प्राध्यापकाने त्यांना शंखांच्या संग्रहापाशी नेऊन त्यांच्या हाती शंख दिले. ते त्यांनी स्पर्शाने ओळखले आणि वाद मिटला. तो मिटला, कारण ती बोटे लहानपणापासून तयार झालेली होती. शंखावरच्या भरून आलेल्या जखमांवरून शिकारी व भक्ष्य यांच्या उत्क्रांतीतील झुंजीचा इतिहास वाचणारा हा शास्त्रज्ञ पुढे कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे प्राध्यापक झाला. पोर्तो रिकोच्या वांदा डियाझ-मेर्सेद यांची दृष्टी ऐन विद्यार्थिदशेत गेली. नासाच्या गॉडार्ड केंद्रातील उमेदवारीत त्यांना ताऱ्यांच्या नोंदी ध्वनीत रूपांतरित करून ऐकण्याची वाट सापडली. शंखांची खिडकी मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, म्हणून ती मुद्दाम मांडावी लागते.

यावर हटकून येणारा आक्षेप म्हणजे धोक्याचा. प्रयोगशाळेत आम्ले असतात, ज्योत असते, यंत्रे फिरत असतात. कोणाला इजा झाली तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे, पण तो विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या प्रयोगशाळेत फूटपट्टी फिरवली आहे? सामान्यतः उभ्याने काम करावयाचे टेबल छत्तीस इंच उंच असते, आणि खुर्चीतील माणसाला कायद्याच्या मानकाप्रमाणे ते चौतीस इंचांपेक्षा अधिक नसावे, खाली गुडघ्यांना जागा असावी, म्हणजे झाले. सारा मामला दोन इंचांचा! बोलणारा तापमापक, द्रव काठाशी येताच वाजणारे लहानसे उपकरण, तोंडी सूचनांबरोबर दिलेला लेखी कागद, गोंगाटापासून दूर बसण्याची मुभा, यांपैकी काहींना अल्प खर्च येतो आणि काहींना काहीच येत नाही. याहून मोठा धोका मला दयाळू वरिष्ठांचा वाटतो, जे मुलाला प्रेमाने बोलावतात आणि आठ आठवडे फायली लावावयास बसवतात; या कारकुनीतून त्याच्या हाती एक शिफारसपत्र पडते, विद्या पडत नाही.

आता आपल्यापुरते. आपल्यात अभियंते, प्राध्यापक, प्रयोगशाळांचे प्रमुख यांची वाण नाही, आणि परस्परांच्या मुलांना उन्हाळी जागा मिळवून देण्याची आपली पद्धतही चांगली रुळलेली आहे. त्या पद्धतीत ही मुले बसवावयाची एवढेच. २०१४ च्या संघीय कायद्याने प्रत्येक राज्याच्या व्यावसायिक पुनर्वसन खात्याला आपल्या संघीय निधीपैकी किमान १५ टक्के रक्कम अपंग विद्यार्थ्यांच्या रोजगारपूर्व तयारीवर खर्च करणे बंधनकारक केले असून प्रत्यक्ष कामाचा अनुभव हा त्यातील एक आवश्यक भाग आहे. तरीही त्या खात्याची पायरी चढलेले मराठी कुटुंब माझ्या परिचयात विरळाच. ज्यांचे मूल अजून एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आहे, त्यांना पगारी उमेदवारीची वाट बंद आहे, हे खरे; त्यांनी निदान आयईपीच्या बैठकीत हा विषय नोंदवून घ्यावा. बाकीच्यांनी दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे होताच कामाला लागावे, कारण उन्हाळ्यातील बहुतेक जागांचे अर्ज हिवाळ्यातच घेतले जातात. आणि ज्यांच्या हाती जागा आहेत, त्यांनी जाहिरातीच्या मसुद्यात सोयींसाठी कोणाशी संपर्क साधावा ती एक ओळ आताच घालून ठेवावी.