गिअरबॉक्सची शेपटी बघा, स्टिकर नको

मंडळी, आज जरा तिखट लिहिणार आहे. विषय आहे ट्रक-जीपचा गिअरबॉक्स. हसू नका. सत्तरी ओलांडलेल्या, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईने यात कशाला नाक खुपसावं, हे मला घरातूनच ऐकवून झालंय!

जुन्या मालाच्या बाजारात एक लाडकं वाक्य आहे, "मॉडेल एकच, म्हणजे गिअरबॉक्स एकच." हे साफ खोटं आहे. आणि आपण शिकलेली माणसं त्यावर मान डोलावून पैसे मोजतो.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी त्याच्या फोर बाय फोर जीपसाठी असाच एक गिअरबॉक्स आणला. नाव तेच, गिअर तेवढेच. मिस्त्रीने गोणपाट बाजूला केलं आणि म्हणाला, "हा टू व्हीलचा आहे, परत द्या." विकणारा म्हणे, विकलेला माल परत घेत नाही. वर सल्ला, "मागचा भाग काढा आणि बसवा की!"

बसवा की म्हणे. मी मिस्त्रीलाच विचारलं, का बसत नाही ते दाखव. त्याने दाखवलं. ज्या गाडीत फक्त मागच्या चाकांना जोर मिळतो, तिच्या गिअरबॉक्सला मागे निमुळतं, लांबट आवरण असतं. शेपटीच म्हणा. त्यातून एकच प्रोपेलर शाफ्ट मागच्या ॲक्सलला जातो. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत बहुधा ही शेपटी नसते. गिअरबॉक्स मागे सपाट तोंडाशी संपतो आणि त्या तोंडाला बोल्टांनी आणखी एक डबा जोडलेला असतो, तो ट्रान्सफर केस. त्यातून दोन शाफ्ट निघतात, एक मागे, एक पुढे. बरं, फरक नुसता बाहेरचा नाही. शेपटीतून जाणारा आतला शाफ्टही सहसा वेगळ्या लांबीचा असतो. तो बदलायचा म्हणजे अख्खा गिअरबॉक्स उघडायचा. नवीन शाफ्ट आणि मजुरी धरली की स्वस्तात मिळालेला माल कुठे जातो ते तुम्हीच मोजा.

आकड्यांचंही तसंच. ४ बाय २ म्हणजे काय, हे मी ओळखीच्या चार जणांना विचारलं. दोघे म्हणाले, चार टायर. अहो, मागे जोडटायर असलेला सहा टायरचा ट्रकही ४ बाय २ असतो! जोडी एकच चाक धरतात. पहिला आकडा चाकांचा, दुसरा जोर मिळणाऱ्या चाकांचा.

नावावर जाणाऱ्यांसाठी थारचं उदाहरण घ्या. २०२० साली नवी थार आली ती फोर व्हील ड्राइव्हमध्येच. जानेवारी २०२३ मध्ये तिचा नुसत्या मागच्या चाकांवर चालणारा प्रकार आला. नाव तेच, तोंडवळा तोच. युद्धकाळातल्या विलीज जीपमध्ये निदान गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे उभे असत, एक पुढचा ॲक्सल जोडायला आणि एक लो गिअरला. आता काही गाड्यांत त्याऐवजी नुसतं बटण असतं, आणि मागच्या काचेवर "४×४" तर कोणीही चिकटवतं.

"मिस्त्री बघेल ना," हे आणखी एक. मिस्त्री बघतो, पण माल दारात आल्यावर, पैसे गेल्यावर. विकणाऱ्याकडे आधीच मागच्या टोकाचा फोटो मागायला काय होतं? शेपटी आहे की सपाट तोंड, एवढं चौथीतलं पोरही सांगेल. गाडीच घ्यायची असेल तर पुढच्या चाकांमध्ये बघा, शाफ्ट येतोय का.

वाकायला गुडघे दुखतात, मान्य. माझेही दुखतात. मी मोबाईल गाडीखाली धरून फोटो काढला.