डिस्क भरण्याआधी फाइल सिस्टिम ठरवा

पुण्याच्या वाघोलीत नव्याने राहायला आलेल्या कितीतरी घरांत आज दोन-तीन हार्ड डिस्क पडून असतात. बाळाचे व्हिडिओ, आजीच्या फोटोंचे स्कॅन, फ्लॅटचं खरेदीखत, गावाकडचा सातबारा, सगळं त्यांच्यावर. त्या डिस्क जुन्या पीसीत बसवून घरचा सर्व्हर करायचा विचार असेल, तर कळकळीची विनंती आहे: फाइल सिस्टिम आधी ठरवा, डेटा मग भरा. आठ टीबी भरल्यावर ती बदलायची म्हणजे सगळं दुसरीकडे उतरवून पुन्हा चढवायचं, आणि तेवढी रिकामी जागा घरात सहसा नसतेच.

वेगाची चिंता करू नका. घरच्या वायफायवर कुठलीही फाइल सिस्टिम पुरते. डिस्कने चुकीचा डेटा वाचून दिला तर ते फाइल सिस्टिमला कळतं का, एवढं बघा. डिस्क बंद पडली तर निदान समजतं. काही बिट गुपचूप बदलले, तर फोटो उघडेपर्यंत पत्ता लागत नाही. ईएक्सटी४ भरवशाची आहे, पण फाइलमधला मजकूर बिघडला का, हे ती तपासत नाही. लिनक्सच्या साध्या रेड-१ मध्ये, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर ठेवणाऱ्या मिररमध्ये, दोन्ही प्रती जुळल्या नाहीत, तर खरी कोणती, हे त्याला ओळखता येत नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस आणि २००९ मध्ये लिनक्समध्ये आलेली बीटीआरएफएस मात्र प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवतात. तो जुळला नाही, तर दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत देतात आणि बिघडलेली दुरुस्त करतात. त्यासाठी महिन्यातून एकदा ‘स्क्रब’, म्हणजे सगळ्या डेटाची तपासणी, चालवा. तो चालवलाच नाही, तर वर्षानुवर्षं न उघडलेले फोटो तपासणार कोण?

दोन सारख्या डिस्क असतील, तर झेडएफएसचा मिरर करा. माझा कौल त्यालाच. डिस्क वेगवेगळ्या आकाराच्या, समजा ४, ४ आणि ८ टीबीच्या असतील, तर बीटीआरएफएसचं रेड-१ सोयीचं. त्यात पूर्ण ८ टीबी जागा मिळते. पण बीटीआरएफएसचं रेड-५ किंवा ६ घरच्या डेटासाठी वापरू नका. लिहिता लिहिता वीज गेली तर त्यात घोळ होऊ शकतो, आणि ते बनवणारेच अजून त्याची शिफारस करत नाहीत. डिस्क तपकीर गल्लीतून घ्या की ऑनलाइन, ती एसएमआर नव्हे, सीएमआर पद्धतीने लिहिणारी आहे ना, हे विचारा. एसएमआर डिस्क असली की नव्या डिस्कवर मिरर पुन्हा भरताना फार रखडतो.

वीज गेल्यावर सोसायटीचा जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंदही पीसी बंद पडायला पुरतात. झेडएफएस आणि बीटीआरएफएस जुना मजकूर न पुसता नवा दुसऱ्या जागी लिहितात, म्हणून आधीचं शाबूत राहतं. एक्सफॅटला तर बदल आधी नोंदवून ठेवणारं जर्नलही नाही. ती सर्व्हरवर नकोच. तरी छोटा यूपीएस घ्याच. या खर्चात काटकसर करू नका.

आणि मिररला बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पुणेकरांच्या घरातली कागदपत्रं घरासकट गेली. म्हणून एक प्रत वाघोलीबाहेर हवी. नगर रोडने दिवाळीला गावी जाताच, तेव्हा एक डिस्क तिथे ठेवा आणि मागच्या वर्षीची परत आणा. या प्रवासी डिस्कवर एनटीएफएस चालेल, म्हणजे गावातल्या कुणाच्याही विंडोज लॅपटॉपवर ती उघडेल. कागदपत्रांच्या फोल्डरला तेवढा पासवर्ड लावा, आणि तो घरातल्या आणखी एकाला तरी माहीत असू द्या. निघण्याआधी त्या डिस्कवरच्या पाच-दहा फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा.