गाडी कुठल्या मुंबईला पाठवायची?

मध्यंतरी आमच्याच कचेरीत हा घोळ झाला. नालासोपाऱ्याचं कुटुंब बंगळुरूहून उतरलं नवी मुंबईला आणि आम्ही पाठवलेला चालक सहारला टी-2 बाहेर नावाची पाटी धरून उभा. तिकिटावर बीओएमऐवजी एनएमआय अशी तीन अक्षरं स्पष्ट छापलेली होती, पण 'मुंबई' दिसल्यावर पुढचं वाचतो कोण! चालकाला फोन केला तर म्हणाला, ''शेठ, इथून तिथं जायला आता मलाच विमान द्या.''

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली, तेव्हापासून वसई-विरारच्या ट्रॅव्हल एजंटांचं जुनं गणित मोडलं आहे. दोन विमानतळांमध्ये सरळ रेषेत 25 किलोमीटरही नाहीत. पण मधे ठाण्याची खाडी. वाशीचा पूल घ्या नाहीतर 21.8 किलोमीटरचा अटल सेतू, गाडीचं अंतर 35-40 किलोमीटरवर जातं. म्हणून एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे उडायचं, तेही वेगवेगळ्या पीएनआरवर, असं कनेक्शन कुणी मागितलंच तर मधे सहा तास ठेवा. सामान ताब्यात घेणं आणि पुन्हा चेक-इन करणं त्यातच आलं. पुढचं विमान चुकलं तर पहिली विमान कंपनी हात वर करते आणि गिऱ्हाईक आपल्या दारात येतं. संध्याकाळच्या गर्दीतलं असं तिकीट आम्ही तरी विकत नाही. दोन-तीन हजार वाचतात म्हणून हट्ट धरणारे भेटतात, त्यांना भेटू द्या.

आपल्या बाजूने पाहिलं तर वसईहून सहार साधारण 40 किलोमीटर, नवी मुंबई 65-70. खरी मेख किलोमीटरमध्ये नाही, फाउंटनला आहे. तिथून सरळ गेलात तर दहिसर (हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर 2024 पासून बंद) आणि पुढे पश्चिम द्रुतगती मार्ग. डावीकडे वळलात की घोडबंदर. ठाण्यात अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी, त्यामुळे थोपवलेले ट्रेलर रात्री एकदम सुटतात. पहाटे सहाच्या विमानासाठी रात्री दोनला निघालेली गाडी गायमुखच्या चढावर नेमकी त्यांच्या मागे सापडते. एखादा कंटेनर चढावर बसला की संपलंच. 'रात्री रस्ता मोकळा असतो' हे वाक्य सहारच्या वाटेवर बरंचसं खरं, घोडबंदरला मुळीच नाही. कामणमार्गे चिंचोटी-अंजूरफाटा रस्ता सुचवणारेही आहेत. पावसाळ्यात तो सुचवण्याआधी स्वतः एकदा जाऊन या.

एकटा प्रवासी आणि एकच बॅग असेल तर वसई रोडहून दिवा-पनवेल मार्गाची मेमू आहे. जुचंद्र, कामण रोड, भिवंडी करत ती घाट आणि सिग्नल दोन्ही टाळून नेते, आणि पनवेलहून विमानतळ जवळ. फेऱ्या मात्र मोजक्याच, म्हणून वेळापत्रक जुळलं तरच बोला.

आम्ही आता व्हाउचरवर 'मुंबई' छापणं बंद केलं आहे. 'सहार टी-2', 'सांताक्रूझ टी-1' किंवा 'नवी मुंबई' असं लिहितो आणि खाली निघायची वेळ. किलोमीटर लिहीतच नाही. आपापल्या चालकांच्या वहीत निघाल्याच्या आणि पोहोचल्याच्या वेळा असतीलच. वार आणि मार्गासह त्या आमच्याकडे धाडा. पुरेशा नोंदी जमल्या की वसई, नालासोपारा आणि विरार असा वेगवेगळा तक्ता छापू.