दारांतला डाग

गेल्या महिन्यांत आमच्या घराण्याची एक लहानशी स्मरणिका सिद्ध करण्याचा योग आला. कुलवृत्तांत म्हणावा इतका तिचा विस्तार नाहीं. अवघीं बत्तीस पानें. आमचा पुतण्या हिंजवडीस संगणकाच्या कंपनींत नोकरीस आहे. त्याच्या चौदाव्या मजल्यावरील बिऱ्हाडीं बसून आम्हीं मजकूर वाचून दाखवावा आणि त्यानें पानें जुळवावीं, असा क्रम तीन रविवार चालला. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं जुन्या तसबिरी ट्रंकेंत पडून असतील, म्हणून या कामीं जें शिकलों तें येथें नमूद करितों.

तसबिरीचा मोबाईलवर फोटो काढून तो व्हॉट्सॲपवरून धाडूं नये. वाटेंत बारीक तपशील गळून जातो. धाडणें भागच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावा. स्कॅनर मिळाल्यास दर इंचास ६०० बिंदू ठेवावे. छपाईस ३०० पुरतात. म्हणजे तीन इंची तसबीर सहा इंची छापिली तरी ती फुटत नाहीं. काळीपांढरी तसबीरही रंगीत म्हणूनच स्कॅन करावी. कागदावरचा पिवळेपणा निळ्या थरांत ठळक उमटतो, तांबड्या थरांत जवळजवळ दिसेनासा होतो. तेव्हां गिंप किंवा फोटोशॉप यांत केवळ तांबडा थर उचलला कीं निम्में काम झालें. गिंप फुकट मिळतें, हें पेन्शनरांनीं ध्यानांत ठेवावें. मूळ स्कॅन टिफ स्वरूपांत निराळा राखावा, हात लावायचा तो नकलेस. आणि दुरुस्ती करावयाची ती चित्रावर नव्हे, त्याच्यावर अंथरलेल्या स्वतंत्र लेअरवर. या शेवटल्या सूचनेचें महत्त्व आम्हांस फार लवकर कळलें.

स्मरणिकेंतील मुख्य तसबीर वाईच्या वाड्यांतली, सन १९४० च्या सुमाराची. चौकांत सतरंजीवर मंडळी ओळीनें बसलेलीं, आणि उजवीकडे माजघराच्या दारांत एक काळसर डाग. पुतण्यानें हीलिंगचें साधन तेथें दोनदां फिरविलें. डाग गेला, मागें स्वच्छ दार उभें राहिलें. आम्हीं शाबासकी दिली. रात्रीं झोंप येईना म्हणून मूळ स्कॅन मोठा करून पाहत बसलों, तों त्या डागास कपाळ होतें, पदर होता, चौकटीवर टेकलेला हात होता.

ती आमच्या वडिलांची आत्या. लहानपणीं वैधव्य आलें, केशवपन झालें, आणि माहेरीं परतून तिनें पुढें जन्मभर घराची चूल सांभाळली. अशा बाईनें ओळींत बसून फोटो काढवून घ्यावा ही त्या घरची रीत नव्हती. आलवण तांबडें; आणि त्या काळच्या पुष्कळशा काचांस व फिल्मांस तांबडा रंग दिसत नसे, तो काळाच उतरे. म्हणून दारांतली सावली आणि आत्या एक होऊन गेल्या.

“काका, मला ती बुरशीच वाटली हो,” पुतण्या सकाळीं ओशाळून म्हणाला.

“अरे, ही तसबीर चाळीस वर्षें आमच्या दिवाणखान्यांत लटकत आहे. आम्हांलाही बुरशीच वाटत होती.”

दुरुस्ती निराळ्या लेअरवर होती, म्हणून ती मिटतांच आत्या परत आल्या. हीलिंगचें साधन शेजारची भिंत उचलून मधली जागा बुजवितें. तेथें माणूस आहे कीं मळ, हें त्यास कळत नाहीं. फोटोशॉप १९९० त निघालें, परंतु त्याहीपूर्वीं स्टुडिओंतले कारागीर काचेवर पेन्सिल चालवून सुरकुत्या पुसतच असत. फरक इतकाच कीं त्यांस वेळ लागे, आणि तेवढ्या वेळांत डोळा एखाद्या जागीं थबके.

पुढें पान जुळवितांना पुन्हां तोच प्रसंग. पुतण्यानें उभी चौकट आंखली होती. आडवी तसबीर तींत बसवितां उजवी बाजू कापली जाई, म्हणजे दार गेलें! दोन पानांवर पसरली तर शिवण नेमकी आजोबांच्या तोंडावरून. अखेर पानच आडवें केलें.

अक्षरजुळणीचें थोडक्यांत सांगतों. स्क्रायबस हेंही फुकट आहे, त्याच्या १.४ आवृत्तींत जोडाक्षरें फुटत, १.६ मध्यें जुळतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नेमावी, एरवीं कांहीं टंकांत ल व श हिंदी वळणाचे येतात. अकरा पॉइंटांच्या अक्षरास ओळींचें अंतर सोळा ठेवावें, म्हणजे उकार आणि खालच्या ओळींतील वेलांट्या भांडत नाहींत. अरुंद रकान्यांत दोन्ही कडा सारख्या करण्याचा हट्ट नसावा. कडेपर्यंत जाणारें चित्र चोहों बाजूंनीं ३ मिलिमीटर बाहेर काढावें, आणि पृष्ठसंख्या चारच्या पटींत असावी.

तसबिरीखालीं नांवें घालूं लागलों तेव्हां आत्यांचें नांव कोणासच ठाऊक नाहीं असें आढळलें. इंदूरच्या आमच्या वडील चुलतबहिणीस फोन केला, तिलाही ‘आत्याबाई’ एवढेंच आठवतें. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडील वह्यांत कदाचित् नोंद असेल. पुतण्या येत्या शनिवारीं तिकडे जाणार आहे. छापखान्यास आठ दिवस थांबण्यास सांगितलें असून तसबिरीखालीं एका ओळीची जागा मोकळी ठेविली आहे.