रुग्णाचे ताट

पावसाळ्याच्या तोंडावर माथेरानच्या माझ्या दवाखान्यात एक घोडेवाले काका जखम दाखवायला आले. तीन आठवड्यांपूर्वी पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी मीच त्यांना रुग्णवाहिकेने खाली पाठवले होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. जखम मात्र भरत नव्हती. सदरा वर केला तेव्हा माझे लक्ष त्यांच्या पट्ट्याकडे गेले. खोगीर शिवायच्या आरीने त्याला दोन नवी भोके पाडली होती : एक रुग्णालयात जाण्यापूर्वीचे, दुसरे परतल्यानंतरचे. गेल्या दिवाळीच्या केसपेपरवर वजन ५५ किलो होते, आता ४४ भरले. मी दिलेल्या चिठ्ठीत रक्तदाब होता, साखर होती; वजन नव्हते.

कुपोषण म्हटले की आपल्यासमोर डोंगराखालच्या वाडीतले बालक उभे राहते, रुग्णालयातील प्रौढ नव्हे. वास्तविक १९३६ सालीच हायरम स्टडली या अमेरिकन शल्यचिकित्सकाने जठरव्रणाच्या रुग्णांची वजने तपासली होती. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन पाचव्या हिश्श्याने घटले होते, त्यांतील तिसरा हिस्सा दगावला. इतरांत हेच प्रमाण शंभरात साडेतीन होते.

आजारात शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळते. जखम सांधायला प्रथिने लागतात, जंतूंशी लढणाऱ्या पेशी घडवायलाही तीच. श्वासाचे स्नायू क्षीण झाले की खोकला दुबळा पडतो, कफ आत साचतो आणि न्यूमोनियाचे भय वाढते. पाठीला शय्याव्रण होतात, मुक्काम लांबतो आणि अर्थातच बिलही.

हे घडते कसे? तपासणीसाठी सकाळपासून उपाशी ठेवतात, तपासणी उद्यावर जाते, तोवर जेवणाची वेळ टळलेली असते. आलेले ताट तोंडाला चव नाही म्हणून तसेच परत जाते आणि ते कोणी नोंदवत नाही. नातेवाईक निर्धास्त असतात, कारण ‘सलाईन चालू आहे’. या समजुतीशी मी तीस वर्षे झगडतो आहे! पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत अवघी २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम ८५ कॅलरी. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये तेवढ्याही नाहीत, आणि प्रथिने दोहोंत शून्य. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात.

तेव्हा आपले माणूस दाखल होताना वजन करून घ्या, आठवड्याने पुन्हा करवा. सहा महिन्यांत न ठरवता दहा टक्के वजन घटले असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ताटात किती उरले ते वहीत टिपा. ‘उपाशी ठेवा’ म्हटले, की कधीपर्यंत, हेही विचारा. घरी आल्यावर पेज आणि साबुदाण्यावरच दिवस काढू नयेत. डाळ, दही, अंडी, मासे, शेंगदाणे, जे पचेल ते थोडेथोडे, दिवसातून पाचसहा वेळा द्यावे. मूत्रपिंडाच्या व यकृताच्या रुग्णांचे पथ्य निराळे, ते विचारूनच ठरवावे. अनेक दिवस पोटात काही गेले नसेल, तर एकदम भरपूर खाऊ घालणे घातक ठरते. रक्तातील क्षार ढासळून हृदयावर ताण येतो.

काकांचा आहार आम्ही असाच हळूहळू वाढवला. श्रावण लागेपर्यंत जखम भरली. परवा वजन ४८ भरले. पट्ट्याचे शेवटचे भोक सुटले आहे. त्याच्या आधीचे अजून वापरात आहे.